नंबर भावेशचा होता

या मित्रांनो, या, जवळ बसा. पण कोणी टिचकी मारून बघायची नाही, आधीच सांगतो. पितळेच्या भांड्याला टिचकी मारणारा माणूस मनातल्या मनात वजन करत असतो, हे मला पक्कं ठाऊक झालंय. बसलात? मग आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. कॉलेजच्या जुन्या दोस्तांच्यात एक वास शिरला आणि सगळ्यांची ताटातूट करायला निघाला, त्याची गोष्ट. खोटं एक अक्षर नाही. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे काय, तो वास माझ्यातच होता.

मी एक जुना पितळी टोप आहे. चांगला मोठा, दोन माणसांनी दोन कड्यांना धरून उचलावा असा. तांबटाच्या हातोडीखाली ठोके खात खात मोठा झालो, म्हणून स्वभाव थोडा संशयी. जन्मल्याबरोबर ज्याला मार पडतो, तो जवळ येणाऱ्या प्रत्येक हाताकडे तिरकंच बघणार ना!

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते भाईंदरच्या गोडदेव गावातल्या एका म्हातारीने, बाळा नावाच्या पोराच्या आजीने. त्यांची शेती होती. तेव्हा गोडदेवात शेती होती, हसू नका. माझं काम एकच, भात उकडायचं. ताटातला भात नव्हे हां, शेतातलं भात, तुसासकट. नंतर शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, भात संपलं, आणि मी जिन्याखाली जाऊन पडलो. गल्लीत भंगारवाल्याची हाळी आली की मी आणखी आत सरकायला बघायचो. आज हाच घेऊन जाणार, असं रोज वाटायचं. माझा संशय तिथेच पक्का झाला.

तिथून मला बाहेर काढलं बाळाने. त्याच्या कॉलेजचं झाडं लावायचं शिबिर वरसावे गावात लागलं होतं, आणि शिबिराचा आचारी दुसऱ्याच दिवशी पळाला होता. सगळी पोरं उपाशी. बाळा एका पोराला घेऊन घरी आला, दोघांनी मला उचललं, तशी आजी मागून ओरडली, "मेल्या, टोप परत आन, नायतर तू पन येव नको!"

चुलीवर चढायच्या आधी एक बारीकसा पोरगा पुढे आला. तो भावेश. भाईंदरला त्याच्या पप्पांचं हार्डवेअरचं दुकान, घर जैन, मच्छी-मटण तर सोडाच, कांदा-लसूण-बटाटासुद्धा बंद. त्याने माझ्यात डोकं घालून हुंगलं.

"बाळा, सच्ची बोल. यात मच्छी केलीय कधी?"

"आजीची शप्पत. भात सोडून काय नाय."

"अंडं?"

"अरे भात! भात! नीट बघ, कडेला तूस पन चिकटलाय अजून."

तिसरा होता डॉमनिक. उत्तनचा, बापाची बोट. बोटीवर खलाशांचं जेवण तोच करायचा, म्हणून इथेही ढवळायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. तो कमरेवर हात ठेवून भावेशला म्हणाला, "कांदा न्हाय, लसून न्हाय, बटाटा न्हाय. मंग खिचडीत टाकू काय, तुजी चप्पल?"

"कच्चं केळं टाक," मागून पूर्वी नावाची एकजण म्हणाली. मीरा रोडची पोरगी, बोलायला फटकळ. "आमच्या घरी तेच टाकतात. आणि नाटक कमी कर, भूक लागलीय."

तर मित्रांनो, त्या दिवशी जी खिचडी झाली ती पोरांनी पानं चाटून खाल्ली. भावेशने तीनदा घेतली. आणि जेवल्यावर तिथेच सगळ्यांनी ठरवलं, की हा टोप आता आपल्या सगळ्यांचा. दरवर्षी संक्रांत झाली की पुढच्या रविवारी ज्याच्या घरी टोप असेल त्याच्याकडे सगळ्यांनी जमायचं, माझ्यात खिचडी करायची, आणि ज्याचा पुढचा नंबर असेल त्याने मला उचलून आपल्या घरी न्यायचं. वर्षभर सांभाळायचं. माझ्यात खिचडीशिवाय काही करायचं नाही. आणि ज्याचा नंबर त्याने स्वतः यायचं. कोणाला पाठवायचं नाही, टेम्पोवाल्याला पत्ता द्यायचा नाही. आजीला बाळाने कसं पटवलं, ते त्यालाच माहीत.

मग मी फिरलो की! पूर्वीच्या फ्लॅटमध्ये मी ओट्यावरही मावेना आणि लिफ्टमध्येही मावेना. तिने मला बाल्कनीत ठेवलं. ती रोज माझ्याकडे बघून विचार करायची, आणि मला वाटायचं, ही आता माझ्यात माती भरून मनीप्लांट लावणार. भावेशने मला दुकानात वरच्या फळीवर ठेवलं. गिऱ्हाईक विचारायचं, "ये कितने का दिया?" आणि भावेश उत्तर द्यायच्या आधी एक श्वास घ्यायचा. तो एक श्वास मला फार लांब वाटायचा. पण त्याने विकलं नाही. बाळाकडे गेलो की आजी, होती तोवर, मला चिंच लावून घासायची आणि कडेला हात फिरवून बघायची, चेमटलोय का.

पोरांची लग्नं झाली, पोटं सुटली, केस गेले. तरी रविवार चुकला नाही. माझ्यासाठी का होईना, माणसं एकमेकांच्या दारात यायची. कोणाच्या घरात कोण आजारी, कोणाचं कुठे बिनसलं, सगळं खिचडी शिजेपर्यंत बाहेर पडायचं.

आणि मग ते आलं. सगळ्यांच्या खिशातलं. पूर्वीने मोबाइलवर ग्रुप काढला, नाव ठेवलं 'आपला टोप'. वर फोटो माझा. सकाळी गुड मॉर्निंग, रात्री गुड नाइट, मधे फुलं, देव आणि हसरी तोंडं. मला पहिल्या दिवसापासून त्या ग्रुपचा संशय. रोज भेटल्यासारखं वाटायला लागलं की माणूस भेटायला कशाला जाईल?

तेव्हा मी डॉमनिककडे होतो, उत्तनला. पुढचा नंबर भावेशचा. संक्रांत झाली. डॉमनिकने मला अंगणात काढून ठेवलं. भावेशचा ग्रुपवर मेसेज आला, "यार, घरात नवीन किचनचं काम चालू आहे, पुढच्या वर्षी नक्की." सगळ्यांनी अंगठे दाखवले. पुढच्या वर्षी लॉकडाउन. त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विषयच काढला नाही. फोटो माझा तसाच वर होता, आणि मी माळ्यावर अंधारात.

आता ऐका, इथून माझा संशय वाढत गेला. माळ्यावरून मला दिसायचं काही नाही, ऐकू तेवढं यायचं. कोणीतरी दारात यायचं.

"डॉमनिक, पोरीचं लगीन हाय. तुजा मोटा टोप दे."

"न्हाय देनार."

"अरे, एका दिसाचा प्रश्न हाय!"

"न्हाय म्हंजे न्हाय."

उत्तनमध्ये लग्नाला भांडं नाही म्हणणारा माणूस मी तरी कधी ऐकला नव्हता. तिथे एकाच्या घरी लग्न निघालं की गावभरची भांडी त्याच्या अंगणात जमतात. मग हा का नाही म्हणतोय? मला एकच कारण सुचलं. चांगला भाव यायची वाट बघतोय. आणि एक दिवस डॉमनिक माळ्यावर आला, माझ्यावर झाकण घातलं, जाळ्याचा एक तुकडा गुंडाळला, आणि जाळ्याचीच जाड दोरी घेऊन मला असं आवळलं, की बस. वरून कोळ्याची गाठ. म्हटलं, संपलं. पार्सल झालं. आता निघालो.

पण निघालो नाही. पावसाळे गेले. खाली अंगणात बोंबील सुकत होते, वर मी बांधलेला. डॉमनिक बोटीवर निघायच्या आधी माळ्यावर हात घालून गाठ चाचपून जायचा. तिजोरीचं कुलूप बघतात ना, तसं.

आणि मग यंदा ग्रुपवर गडबड उडाली. शिबिराला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठं गेट-टुगेदर करायचं ठरलं. वरसाव्याला हॉल घेतला. कोणी पुण्याहून येणार, कोणी दुबईहून. पूर्वी केटररचं बोलायला लागली, तर बाळा म्हणाला, "केटरर गेला खड्ड्यात. टोपातली खिचडी पायजे, नायतर मी येत नाय." मग ठरलं, भावेश आणि बाळाने जाऊन टोप आणायचा.

डॉमनिकने दोरी सोडली. त्याची बायको कार्मिन, तिने मला चिंच आणि राख लावून असं घासलं की माझ्यात तोंड बघावं. दोरी-जाळं मागच्या अंगणात फेकून दिलं. भावेश आणि बाळा दुकानाचा टेम्पो घेऊन मोरवा गावाच्या रस्त्याने आले तेव्हा मी ओसरीवर नवरदेवासारखा बसलो होतो.

"अरे वा! काय चकाकतोय साला!" बाळाने मला मिठीच मारली.

भावेश हसला. वाकला. सवयीने माझ्यात डोकं घातलं. आणि मित्रांनो, आत असतानाच त्याचं हसू गेलं, ते मी अगदी जवळून बघितलं. त्याने डोकं हळूच बाहेर काढलं, रुमालाने नाक पुसलं.

"काय झालं, शेट?" बाळाने विचारलं.

"काय नाय. वजन खूप आहे ना... टेम्पोत सामान पण आहे. बघू. नंतर नेऊ."

"रिकामा टेम्पो घेऊन आलायस तू!"

"बाळा, चल ना यार. उशीर होतोय."

कार्मिन चहा घेऊन बाहेर आली तोवर टेम्पो वळला होता.

संध्याकाळी ग्रुपवर भावेशचा मेसेज. कार्मिनने तो मोठ्याने वाचला, "टोप जुना झालाय, हायजीनचा प्रश्न आहे. केटरर बघूया." खाली अंगठे. आणि दुबईच्या नीरजने लिहिलं होतं, "उत्तनला राहून टोप पण मच्छी खायला लागला काय?" त्याला सगळ्यांची हसरी तोंडं.

डॉमनिकने मोबाइल उलटा ठेवला. माझ्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "कार्मिन, तुला एक इचारू?"

"इचार."

"मी दर्यावर असताना... तू यात कधी काय केलंस?"

मला वाटलं, आता काहीतरी आदळणार. भांड्याला ते आधी कळतं. पण कार्मिनने काही आदळलं नाही. ती तशीच मागच्या अंगणात गेली, ती दोरी उचलून आणली आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकली.

"हुंग."

"काय?"

"हुंग म्हनते ना!"

त्याने दोरी नाकाला लावली. "मला काय वास येत न्हाय."

"तुला कसा येईल? जन्माला आल्यापासून तुज्या नाकात तोच वास हाय! जाल्याची दोरी ती. मासलीत भिजून भिजून काली पडलेली. ती बांधून ठेवलीस टोपावर, पावसालेच्या पावसाले. वरनं जालं गुंडाललंस. वास आत जानार न्हाय तर जाईल कुटं? मना इचारतो, मी काय केलं! कुलूप लावलंस तू, आनि कुलपालाच मासलीचा वास!"

तेव्हा मला कळलं, मित्रांनो, मला कशाला बांधलं होतं. तो बोटीवर गेल्यावर कोणी हक्काने येऊन मला उचलून नेऊ नये, माझ्यात कोळंबीचं कालवण चढवू नये, म्हणून. आणि कोळ्याच्या घरात बांधायला जाळ्याशिवाय दुसरं काय मिळणार? त्याला त्यात वास आहे हे कधी वाटलंच नाही.

"सांग ना मंग त्यांना," कार्मिन म्हणाली. "लिव ग्रुपवर."

"न्हाय." डॉमनिक उठला. "पंचवीस वर्सांनी मी सफाई देऊ? त्यांना जे वाटतं ते वाटू दे. मी जात न्हाय त्या हॉलवर." आणि त्याने मोबाइल घेऊन तो ग्रुपच सोडून दिला. बोटाच्या एका टोकाने. वरसाव्याच्या शिबिरापासूनचं सगळं.

दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी भावेश आला. एकटाच, स्कूटरवर. पूर्वीने त्याला फोनवर चांगलंच झापलं होतं म्हणे, की डॉमनिक ग्रुप सोडून गेला आणि तू केटररची चटणी चाखत बसलायस. मला मात्र त्याचा भरवसा वाटेना. ओसरीवर बसला, चहा घेतला नाही, पाणी घेतलं, तेही ग्लास फिरवत राहिला. हा माणूस माफी मागायला आला नाही, हा खात्री करायला आलाय, असं माझं मत झालं.

"डॉमनिक, एक विचारू? राग नको मानू."

"इचार."

"यात मच्छी शिजवलीस का?"

"तुला काय वाटतं?"

"नाक बोलतं, हो."

"आनि तू?"

भावेशने पाण्याकडे बघितलं. "मी... माझं नाक माझ्याच तोंडावर आहे ना यार. काय करू?"

कार्मिन दारात उभी होती. "भावेशभाऊ, आता माजं ऐका," ती म्हणाली. "माज्या सख्ख्या भावाच्या पोरीचं लगीन झालं. भाऊ दारात आला टोप मागायला. यानं दिला न्हाय. म्हनाला, यात भावेश जेवतो. भाऊ तसाच फिरला. आज पन बोलत न्हाय माज्याशी. गावात आता आमच्याकडं कोन भांडं मागत न्हाय, आनि आमी पन कोनाकडं मागू शकत न्हाय. तुमच्या नाकाला हे समजलं काय?" आणि तिने दोरीची सगळी हकीकत सांगितली. डॉमनिक मधे मधे "कार्मिन, गप" म्हणत होता, पण ती गप बसणाऱ्यातली नाही.

भावेशने ग्लास खाली ठेवला. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं... मला एक फोन नाही केलास? टोप घेऊन जा म्हणून?"

"कशाला करू?" डॉमनिकचा आवाज पहिल्यांदा चढला. "नंबर तुजा होता. ज्याचा नंबर त्यानं यायचं. तुला किचन मोटं झालं, आनि मी तुज्या टोपाची राखन करत बसलो!"

आता भावेशचं तोंड बघण्यासारखं झालं. संशय घेऊन आला होता, तोच उलटा त्याच्यावर येऊन बसला. "किचनचं काम महिन्यात संपलं होतं," तो म्हणाला. "नंतर... आळस. ग्रुप होताच ना. वाटलं, सगळे आहेतच." मग उठला, आणि एकट्याने मला उचलायला गेला. जमेना. डॉमनिक बघत राहिला, मग दुसऱ्या कडीला हात घातला. रिक्षा बोलावून दोघांनी मला आत चढवलं.

"खोटं नाही बोलणार, डॉमनिक. वास आहे," भावेश म्हणाला. "यात मला जेवता येईल की नाही, माहीत नाही. पण नंबर माझा आहे. घेऊन चाललो. पुढच्या रविवारी बाळाकडे खिचडीचं सँपल करू. तू येशील?"

"बघू," डॉमनिक म्हणाला. त्या 'बघू'चा मला अजिबात भरवसा नव्हता.

मग रोज दुकानात माझी धुलाई सुरू. लिंबू, चिंच, बेसन, राख, काय काय लावलं त्याने. गिऱ्हाईकं खोळंबायची आणि हार्डवेअरचा मालक स्टुलावर बसून टोप घासायचा. रोज डोकं घालून हुंगायचा, आणि रोज तोंड कसनुसं करून बाहेर यायचा. त्याच्या बाने, म्हणजे आईने, मला घरात घ्यायला साफ नकार दिला होता.

रविवारी गोडदेवला बाळाच्या अंगणात चूल मांडली. दुपारचीच, कारण भावेश सूर्य मावळला की जेवत नाही. पूर्वी कच्ची केळी घेऊन आली. सगळे होते, डॉमनिक सोडून. बाळा रस्त्याकडे बघत होता, भावेश बघत नाही असं दाखवत होता. मी म्हटलं, नाही यायचा हा. आणि तेवढ्यात कार्मिनला मागे बसवून त्याची स्कूटर आली. तो कोणाशी बोलला नाही. केळी आणि सुरी घेतली, मग परत खाली ठेवली.

"आदी हुंग," तो भावेशला म्हणाला. "सगल्यांसमोर. वास असंल तर मी हात लावनार न्हाय. आनि हॉलवर पन येनार न्हाय."

भावेशने गुडघे टेकले आणि माझ्यात डोकं घातलं. आत फक्त तो आणि मी. त्याच्या नाकपुड्या फुललेल्या मी बघितल्या. थांबला. परत श्वास घेतला. मग डोळे मिटून घटकाभर तसाच राहिला.

डोकं बाहेर काढून म्हणाला, "गेला."

"पुरता?"

"पुरता. चढव आता, सूर्य थांबणार नाय तुझ्यासाठी."

डॉमनिकने त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग सुरी उचलली. केळी चिरताना म्हणाला, "मीठ कोन टाकनार? बाळा, तू टाकू नको, गेल्या टायमाला खारट केलंस." आणि तिथून जी बडबड सुरू झाली ती खिचडी शिजेपर्यंत थांबली नाही. पहिलं ताट भावेशने घेतलं. दुसऱ्यांदाही घेतलं. "शेट, हलू खा," बाळा ओरडला, "आज सँपल हाय!"

तर मित्रांनो, अशी आमची गोष्ट. येत्या रविवारी मी वरसाव्याला चाललोय. आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या माळ्यावर कोणाचं भांडं पडलं असेल, किंवा तुमचं कोणाकडे राहिलं असेल, तर फोनवर अंगठा दाखवून मोकळे होऊ नका. स्वतः जा. वास आला तर तोंडावर विचारा, रुमालाने नाक पुसून वळू नका.

आणि रविवारी हॉलवर आलात तर खिचडी पोटभर खा. तिथे डॉमनिक भेटेल, चुलीपाशी. त्याच्याशी गप्पा मारा, त्याला हसवा. फक्त एक सांभाळा. माझ्यात मच्छी कधी शिजली नाही, हे कोणालाही छातीठोक सांगा. पण वास त्या दिवशी गेला नव्हता, थोडा अजूनही आहे, हे त्याला तेवढं सांगू नका.